व्हर्जिनियाच्या खोल्या कुणी सोडल्या?

१

लुएला ट्रेक्सलरच्या धाकट्या बहिणीला बेचाळिसाव्या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना मुलगी झाली, ते साल १९७६. देशाला स्वतंत्र होऊन दोनशे वर्षं होत होती. पेनसिल्व्हेनियातल्या हाइमबाख गावात रस्त्यावरचे आगीचे नळसुद्धा झेंड्यासारखे लाल, पांढरे, निळे रंगवले होते. लोक म्हणत, लुएलाच्या माहेरच्यांनी देशाला वाढदिवसाची भेट दिली. बाळाचा बाप्तिस्मा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी झाला. सोमवारी सकाळी शाळेत बोंब उठली.

डेल कुंकल आठवीला इतिहास शिकवायचा. दर मे महिन्यात आठवीची मुलं शाळेच्या बसने व्हर्जिनियात जात. जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन, म्हणजे इंग्रजांच्या अमलातली जुनी गावं. यंदा सहल थाटाची होती. मुलांनी त्या काळचे कपडे घालून जायचं ठरलं होतं, आणि गावातल्या बायका जानेवारीपासून सुया घेऊन बसल्या होत्या. कुंकलने जेवणाचं विचारायला तिथल्या अतिथीगृहाच्या मालकिणीला फोन लावला.

"कसलं जेवण?" मालकीण म्हणाली. "तुमच्याच शाळेतून फोन आला होता की! सहल रद्द, खोल्या सोडा म्हणाले. मी त्या दुसऱ्यांना देऊनही टाकल्या."

दोनशेव्या वर्षी व्हर्जिनियात गोठासुद्धा रिकामा नव्हता. निघायला तीन आठवडे उरले होते.

हेडमास्तरांनी नर्सबाईंना, म्हणजे लुएलाला बोलावलं. "लुएलाबाई, पोलीस वगैरे नकोत. तुम्ही गावातल्या प्रत्येकाच्या घशात डोकावलेलं आहे. कुणी केलं ते शोधा. शुक्रवारी शाळा समितीची बैठक आहे. हार्लन स्टेकेलने सांगून टाकलंय, घरभेदी सापडल्याशिवाय बसचं चाक हलणार नाही."

"आणि नाही सापडला तर?"

"तर सहल गेली. त्या पोरांची आठवी काही पुन्हा येणार नाही."

लुएलाची नात रॉबिन आठवीतच होती. आई नसलेली पोर. तिच्या झग्याची झालर लुएलाने स्वतः शिवली होती. त्यामुळे लुएला नाही म्हणाली नाही. तिने हेडमास्तरांच्या खोलीतूनच व्हर्जिनियाला फोन लावला.

२

मालकीण बोलकी होती. "पुरुष होता. वयस्कर. बोलायला फार आदबशीर. तुमचे कुंकल सर नव्हेत, त्यांचा आवाज मी ओळखते."

"काय काय म्हणाला?"

"आधी खोल्यांचं काहीच बोलला नाही. विचारलं, नदीच्या पुलाजवळचं खोदकाम संपलं का? मी म्हटलं, संपलं, पण जुना रस्ताच मोडून टाकला, आता सगळा नवा काढलाय. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाला, बाई, मुलं येणार नाहीत. खोल्या दुसऱ्यांना द्या, तुमचं नुकसान नको."

"आगाऊ भरलेले पैसे परत मागितले?"

"नाही हो. त्याचंच मला नवल वाटलं." मालकीण थांबली. "आणि एक सांगू? मागे पोरी ओरडत होत्या. एका सुरात. ई, मग एफ, पी, मग टी, ओ, झेड… तुमच्याकडे मुळाक्षरं अशीच शिकवतात का?"

लुएलाला हसू आलं. हाइमबाखच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारताना तीच अक्षरं म्हणत. लुएलाच्या खोलीत डोळे तपासायचा जो तक्ता टांगलेला होता, त्यातली. तक्ता लुएलाच्या आधीच्या नर्सने लावलेला. गावातलं प्रत्येक माणूस लहानपणी त्याच्यासमोर उभं राहिलं होतं, आणि पोरींनी कधीतरी त्याचं गाणं करून टाकलं होतं.

म्हणजे फोन शाळेतूनच झाला होता, दुपारच्या सुट्टीत. कोणत्या दिवशी? मालकिणीला तो गुरुवार पक्का आठवत होता, कारण त्या दिवशी तिच्याकडे चादरी धुवायला जातात.

पटांगणातला आवाज ऐकू येईल असे फोन शाळेत दोनच. एक शिक्षकांच्या खोलीतला, दुसरा बसच्या गॅरेजमधला.

"बाई," ठेवता ठेवता मालकीण म्हणाली, "तो माणूस कुणी का असेना, शेवटी त्याचा आवाज रडवेला झाला होता."

३

गावाने मात्र चोर आधीच ठरवून टाकला होता. रोझाली बीअर्स. तिने सोळा झगे मशीनवर शिवून आणले होते, आणि कुंकलने ते परत केले होते. तेव्हा मशीन नव्हतं, हाताने शिवा म्हणून. रोझालीने सगळी शिवण उसवली, आणि उसवता उसवता जे काही बोलली ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं. तिचा नवरा बोलायला आदबशीर होता, हेही लोकांनी हिशेबात धरलं.

लुएला गेली तेव्हा रोझाली स्वयंपाकघरात शेवटच्या झग्याला टाके घालत होती.

"या, नर्सबाई. बेड्या आणल्या का?"

"आधी कॉफी दे."

"मी फोन करवला असता तर हे बोटं टोचून घेणं कशाला चालू ठेवलं असतं? आणि आमचे हे त्या गुरुवारी खाणीवर होते. पाटीच्या दगडाच्या खाणीत फोन असतो होय?" तिने दाताने दोरा तोडला. "कुंकलच्या पणजीनेसुद्धा मशीनवर शिवलं असेल. आला मोठा!"

लुएलाचं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथे निळं काचेचं भांडं होतं आणि त्यात लाल लोणच्याची बरणी.

"ते का? ते ऑर्विल हानचे उपद्व्याप. चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण होतं ना, तिथून माझं भांडं घेऊन गेला. आपण सगळ्यांनी भांडी एकाच दुकानातून घेतली, मान्य. पण म्हणून तर बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहितो! एवढ्या मोठ्या अक्षरांत 'बीअर्स' लिहिलंय. दोन दिवसांनी आला परत द्यायला. रिकामं भांडं कुणी देत नाही, त्याने बरणी ठेवली आत आणि मला म्हणतो, एडनाच्या हातचे पीच आहेत, शेवटची बरणी. उघडून बघते तर बीटाचं लोणचं! बायको जाऊन दीड वर्ष झालं, पण मेल्याच्या मस्कऱ्या जात नाहीत."

दोघी हसल्या. ऑर्विल हान शाळेची बस चालवायचा आणि गावाची टिंगल करायचा. कुणी तोंड उघडायच्या आत तो त्याच्या टोपीवर, पोटावर, नाहीतर सासूवर काहीतरी बोलून मोकळा होई. गेल्या ऑगस्टमध्ये डोळे तपासताना त्याने तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि वर विचारलं, "तळाला छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?" लुएला तेव्हा इतकी हसली होती की सही करताना तिचा हात हलला.

"एक बघ," निघताना रोझाली म्हणाली. "शुक्रवारपर्यंत कुणी सापडलं नाही तर सहल बुडाल्याचं खापर माझ्यावर फुटणार. माझी पोरंही याच शाळेत आहेत."

४

हार्लन स्टेकेल शाळा समितीवर होता. त्याची दुभती जनावरं होती, आणि आवाज असा की गोठ्यातून बोलला तरी रस्त्यावर कळे.

"मी सहलीच्या विरुद्ध आहे," तो ओरडला. "आहेच! भर बैठकीत तोंडावर सांगितलं. मग चोरून फोन कशाला करू?"

"त्या गुरुवारी तू शाळेत होतास."

"छपराची गळती बघायला. आणि मी खोल्या सोडल्या असत्या ना, तर आगाऊ भरलेला पैसा व्याजासकट वसूल केला असता. मला ओळखत नाहीस?"

ते खरंच होतं. शिवाय याला आदबशीर म्हणेल अशी बाई व्हर्जिनियात काय, कुठेच नव्हती.

"शोधच घेतेयस तर हे पण शोध," स्टेकेल म्हणाला. "ऑर्विलची बस रोज उशिरा का येते? पूर्वी तिच्यावर घड्याळ लावावं. आता बैलगाडी झालीय. माझ्या फाटकाशी तर अशी सरपटत येते, जणू खाली अंडी मांडलीत."

"बायको गेल्यावर माणूस मंदावतो, हार्लन."

"माझी गेली तेव्हा मी नाही मंदावलो."

"तू ओरडायला लागलास."



शिक्षकांच्या खोलीत कुंकल नकाशे पसरून बसला होता. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती, मालकीण त्याचा आवाज ओळखत होती. पण त्या गुरुवारची सगळी सुट्टी तो याच खोलीत, याच टेबलाशी बसून होता. फोन त्याच्या कोपराशी होता. "इथून कुणी फोन केला नाही, बाई. मी हललोच नाही. डबासुद्धा इथेच खाल्ला."

मग उरला एकच फोन. लुएलाला तो उरायला नको होता.

५

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. ऑर्विल हान बसच्या पिवळ्या पत्र्यावर फडकं फिरवत होता. तिच्यापासून चार हातांवर असेल. त्याने वळून पाहिलं.

"कोण?"

"मी."

"अगं, लुएला! चोरपावलांनी येतेस. मावशी झालीस म्हणे पुन्हा? तुझ्या बहिणीला सांग, आता पुरे, शाळेच्या बसमध्ये जागा नाही."

"ऑर्विल, त्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तू कुठे होतास?"

"इथेच. मी आणि ही म्हातारी." त्याने बसवर थाप मारली.

"कुणी आलं होतं फोन करायला?"

"कुणी नाही." तो सरळ बोलत होता, पण तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. नजर तिच्या कानापाशी कुठेतरी होती. तीस वर्षांत ऑर्विलने कधी तिची नजर चुकवली नव्हती.

"तू केलास का?"

"मी? बत्तीस वर्षं मी त्या पोरांना नेतोय. डोळे मिटून सांगेन कुठे वळण आहे ते." फडकं थांबलं. "मग आता सहल होणार नाही ना?"

"घरभेदी सापडला तर होईल. चर्चवाल्यांशी बोलले मी. तिथल्या लुथरन चर्चचं तळघर मोकळं आहे. मुलं जमिनीवर झोपतील."

ऑर्विलचा चेहरा उतरला. राख झाली अगदी. "म्हणजे होणार?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

लुएला बाहेर आली. फोन ऑर्विलनेच केला होता, यात तिला आता शंका राहिली नव्हती. पण का? ज्या सहलीवर हा माणूस वर्षभर जगतो, तिचाच गळा त्याने का घोटावा? समितीपुढे नुसतं नाव सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, आणि कारण कुणालाच कळलं नसतं. शुक्रवार उद्यावर आला होता. लुएला त्या रात्री काही बोलली नाही. ऑर्विलच्या बसने दुसऱ्या दिवशीही मुलं आणली.

६

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत पटांगणात दोरी फिरत होती. रॉबिन मधे उड्या मारत होती.

"ई! एफ, पी! टी, ओ, झेड! एल, पी, ई, डी!"

"आजी, बघ!" रॉबिन ओरडली. "डोळे मिटून करते!" तिने डोळे घट्ट मिटले आणि सगळी अक्षरं एकही न चुकता म्हणून टाकली. "यात काय अवघड? अख्ख्या गावाला येतं!"

लुएला जागच्या जागी उभी राहिली.

अख्ख्या गावाला येतं. अख्खं गाव त्याच तक्त्यासमोर मोठं झालेलं. त्या तक्त्यावर हाइमबाखच्या माणसाचे डोळे तपासणं म्हणजे 'आमच्या बापा' ही प्रार्थना पाठ आहे का ते बघून माणूस देवभक्त ठरवणं. तीस वर्षं ती तेच करत आली होती.

चिकटपट्टीवरचं नाव. पीच म्हणून दिलेलं बीट. चार हातांवरून विचारलेलं 'कोण?' कानाशी अडकलेली नजर. फाटकाशी सरपटणारी बस. मस्करी करणाऱ्या माणसाच्या चुकाही लोक मस्करीतच जमा करतात, आणि ऑर्विलने ते करू दिलं होतं.

शाळा सुटून बस निघायला दोन तास होते. लुएला आपल्या खोलीत गेली. तिने खुर्चीवर चढून तक्ता खिळ्यावरून काढला आणि पलंगाखाली सरकवला. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला, इतकी वर्षं ऊन न लागलेला.

मग तिने ऑर्विलला निरोप धाडला.

७

"सहलीआधी सगळ्यांची तपासणी आहे," लुएला म्हणाली. "उभा राहा रेषेवर. डावा डोळा झाक."

ऑर्विल उभा राहिला. समोर भिंत होती, भिंतीवर फिकट चौकोन.

"तिसरी ओळ."

"टी, ओ, झेड," ऑर्विल म्हणाला.

"पाचवी."

त्याने पाचवी म्हटली. सहावीही म्हटली. "खाली छापखान्याचं नाव—"

"ऑर्विल," लुएला म्हणाली, "तक्ता पलंगाखाली आहे."

त्याने डोळ्यावरचा हात काढला. पुढे गेला आणि तळवा भिंतीवर ठेवला. चौकोनभर हात फिरवला. मग पलंगावर बसला.

"मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड नाही. गेल्या उन्हाळ्यात सुरू झालं. बर्फ पडायला लागल्यापासून फार वाढलं."

"आणि तू रोज मुलं आणतोस."

"नऊ मैलांचा रस्ता आहे. झाडन् झाड माहीत आहे. मला वाटायचं, तेवढं जमेल." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "व्हर्जिनियाचंही पाठ होतं. म्हटलं, पुलाचं खोदकाम संपलं असेल तर हळूहळू नेईन, शेवटचं एकदा. फोन करून विचारलं. ती बाई म्हणाली, रस्ताच नवा आहे. नव्या रस्त्यावर मी त्यांना मारलं असतं, लुएला. सगळ्यांना."

"मग सांगायचं होतंस!"

"काय सांगू? सांगितलं की बस गेली. एडना गेली, आता बस. मग सकाळी उठायचं कशासाठी?"

"रॉबिन त्या बसमध्ये असते," ती म्हणाली.

"माहीत आहे. चढताना ती रोज माझ्या खांद्याला हात लावते. ओळखतो मी."

लुएलाने हात पुढे केला. तो त्याला दिसला की नाही कोण जाणे, पण त्याने खिशातून किल्ल्या काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या.

"समितीला तू सांगतेस की—"

"तू सांगशील," लुएला म्हणाली.

८

त्या दुपारी मुलांना घरी स्टेकेलने सोडलं. कोरियातल्या लढाईत त्याने लष्कराचे ट्रक हाकले होते. मुलं उतरताना म्हणाली की कान दुखले, पण पोचलो वेळेवर.

संध्याकाळी समितीपुढे ऑर्विल उभा राहिला. "फोन मी केला," तो म्हणाला, आणि पुढचं थोडक्यात सांगितलं. नंतर तो तसाच उभा राहिला.

मागच्या बाकावरून रोझाली बीअर्स म्हणाली, "म्हणजे ते पीच…"

"का? बीट होतं का?"

"बीटच होतं."

"अरे देवा," ऑर्विल म्हणाला. "मग पीचची बरणी अजून घरात आहे."

पहिला हसला तो ऑर्विलच.

लुएलानेही उठून आपलं सांगितलं. तपासणीखाली सही तिची होती. समितीने तिला नवा तक्ता आणायला सांगितलं. तिने दोन आणले आणि ते आलटून पालटून लावू लागली.

सहल ठरल्या दिवशी निघाली. बस स्टेकेलने चालवली. त्याच्या उजव्या हाताला पहिल्या बाकावर ऑर्विल बसला होता. वळणं येण्याआधीच तो सांगायचा आणि स्टेकेल खेकसायचा, "दिसतंय मला!" पुलापाशी नवा रस्ता सुरू झाला तेव्हा ऑर्विल गप्प झाला. रॉबिन मागच्या बाकावरून उठून त्याच्याजवळ येऊन बसली आणि काय काय दिसतंय ते सांगत राहिली. नदी, मग नवं कुंपण, मग एक पांढरा घोडा. मुलं चर्चच्या तळघरात जमिनीवर झोपली. जेम्सटाउनला पाऊस लागला आणि हाताने शिवलेले कपडे आटले. मशीनच्या शिवणीनेही ते आटलेच असते, असं रोझाली पुढे कित्येक वर्षं कुंकलला ऐकवत राहिली.

परतल्यावर ऑर्विलने पीचची बरणी शोधून काढली. यावेळी उघडून चव घेतली, आणि रोझालीच्या दाराशी नेऊन दिली.

ऑर्विल हान ९ नोव्हेंबर १९७६ रोजी, मंगळवारी पहाटे, आपल्या घरी झोपेत वारला. त्याचं वय सहासष्ट होतं. हाइमबाखच्या शाळेच्या बसमध्ये त्या वर्षी कुणी मेलं नाही.